घंटेचा नाद आणि अंजिराची चोरी

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर दक्षिणोत्तर पसरलेली २१ स्पॅनिश मिशनकेंद्रे पाहण्यास आजही दूरदूरचे लोक जातात. पहिले केंद्र १७६९ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू हुनिपेरो सेरा यांनी सान दिएगो येथे स्थापिले. शेवटचे १८२३ मध्ये सोनोमा येथे उभे राहिले. पांढऱ्या भिंती, कमानींचे व्हरांडे आणि संथ वाजणाऱ्या घंटा हे या वास्तूंचे जे चित्र प्रवासी मनात घेऊन जातात, ते बव्हंशी एका कादंबरीने रेखाटलेले आहे. हेलन हंट जॅक्सन यांची १८८४ सालची ‘रमोना’ ही ती कादंबरी. वास्तू जपली जाते तेव्हा तिच्याबरोबर कोणाची स्मृती जपली जाते आणि कोणाची गळून पडते, या प्रश्नाच्या अनुरोधाने तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जॅक्सनबाईंचा हेतू निर्मळ होता, याविषयी शंका नको. आदिवासींशी अमेरिकन सरकारने केलेल्या विश्वासघाताचा जाब विचारणारा ग्रंथ त्यांनी १८८१ मध्येच लिहिला होता. पुढे सरकारच्याच वतीने त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील ‘मिशन इंडियन’ लोकांची पाहणी करून १८८३ मध्ये अहवाल दिला. अहवालाने जे साधले नाही ते कथेने साधेल, या आशेने ‘रमोना’ जन्मास आली. अमेरिकन वसाहतवाले येतात, तेमेकुला गाव आदिवासींच्या हातून जाते. नायक अलेस्सांद्रो रमोनासह एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हाकलला जातो, भ्रमिष्ट होतो आणि घोडा चोरल्याच्या आळावर गोळीला बळी पडतो. हा भाग आजही वाचकाला अस्वस्थ करतो. परधर्मी अमेरिकनांना ही भूमी कोणाची ते कळावे, म्हणून टेकड्यांवर लाकडी क्रूस उभारणारी करारी सेन्योरा मोरेनो ही व्यक्तिरेखा तर लेखिकेच्या सामर्थ्याची साक्षच होय.

परंतु कादंबरीचे वैगुण्यही येथेच आहे. अमेरिकनांचा अन्याय ठळक दिसावा म्हणून लेखिकेने त्याआधीचा मिशनकाळ सुवर्णयुगासारखा रंगविला. बाप्तिस्मा घेतलेल्याला परवानगीवाचून केंद्र सोडता येत नसे, पळून गेलेल्याला धरून आणून फटके मारले जात, हे त्या युगाचे वास्तव फादर साल्व्हिएर्देरांच्या सात्त्विक छायेत झाकून जाते. अलेस्सांद्रोला दुःख आहे, निष्ठा आहे. पण धर्मगुरूंविषयी स्वतःचे असे मत नाही. तो सोसतो. त्याने थट्टा केली, उलट प्रश्न विचारला, असे आम्हांस कोठेच आढळले नाही.

याचा परिणाम लेखिकेच्या हेतूच्या नेमका उलट झाला. १८८५ मध्ये त्या निवर्तल्या. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांनी कादंबरीतील अन्याय बाजूस ठेवला आणि तिच्यातील स्थळे शोधण्यास आरंभ केला. कामुलोस येथील वाडा ‘रमोनाचे घर’ म्हणून प्रसिद्धी पावला. १९१० मध्ये डागडुजी झालेले सान दिएगोचे एस्तुदियो घराणे राहत असे ते घर ‘रमोनाचे विवाहस्थळ’ ठरले. जी स्त्री कधी जन्मलीच नाही, तिच्या लग्नाची जागा लोक श्रद्धेने पाहू लागले! १९०६ पासून जुन्या राजमार्गावर मिशनच्या खुणा म्हणून घंटा टांगण्यात आल्या. मूळच्या घंटा प्रार्थनेबरोबर कामाच्या वेळाही ठरवीत असत, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले.

आणि तरीही त्या भूमीच्या पुत्राचा आवाज उपलब्ध होता. कादंबरीत अलेस्सांद्रोचा पिता सान लुईस रे मिशनच्या फादर पेरींचा विश्वासू दाखविला आहे. या खऱ्याखुऱ्या फादर अंतोनियो पेरींबरोबर त्याच मिशनचा एक खराखुरा मुलगा १८३२ मध्ये निघाला व १८३४ मध्ये रोमला पोहोचला. त्याचे नाव पाब्लो ताक. प्रोपागांदा फिदेच्या महाविद्यालयात शिकत असताना त्याने आपल्या लुईसेन्यो भाषेचे व्याकरण आणि आपल्या लोकांच्या ख्रिस्तीकरणाची हकिकत लिहिली. १८४१ मध्ये, विशीही न गाठता, तो वारला.

ताकच्या हकिकतीत धर्मगुरूंविषयी आदर आहे. पण धर्मगुरू तेथे राजासारखा नांदतो, हेही त्याने नोंदविले. पहिल्या परक्याला आपल्या नायकाने ‘येथे काय शोधता?’ अशा अर्थाचा जाब विचारून निघून जाण्यास बजावले, हे तो अभिमानाने सांगतो. आपल्या भागातील ५००० जीवांपैकी २००० रोगाने दगावले, हेही तो लपवीत नाही. आणि मध्येच तो मिशनच्या बागेत शिरून अंजीर चोरणाऱ्या एका गड्याची गोष्ट सांगतो: अंजीर घशात अडकते, गडी कावळ्यासारखा ओरडू लागतो, आणि माळ्याला झाडावर बिनपंखी कावळा दिसतो! या हास्यात जो माणूस दिसतो, तो ‘रमोना’च्या शेकडो पानांत दिसत नाही.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुलैत बोलिव्हियात मूळ निवासींची क्षमा मागितली आणि सप्टेंबरात सेरांना संतपद दिले. २०२० मध्ये सेरांचे पुतळे पाडण्यात आले. पूजक आणि भंजक दोघेही बोलतात ते धर्मगुरूविषयीच; ताकचा गडी झाडावरच राहतो.

हा प्रश्न आम्हांला परका नाही. ज्या रोमन महाविद्यालयात ताक शिकला, तेथेच सतराव्या शतकात गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो शिकले. ते बिशप झाले आणि गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या भेदभावाविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली. श्रद्धा न सोडता सत्य सांगणारे असे लेखन कोणत्याही पडक्या कमानीइतकेच जतन करण्यायोग्य आहे. ‘रमोना’ अवश्य वाचावी. परंतु तिच्या शेजारी ताकची ती अपुरी पाने ठेवूनच वाचावी, अशी आमची शिफारस आहे.