मंबाजीची एक रात्र

वाचक माउली, दिंडीच्या मुक्कामी रात्री कीर्तन उभे राहिले की पुढच्या रांगेत येऊन बसणाऱ्या आयाबाया घरी असताना मालिकांच्याही पक्क्या प्रेक्षक असतात, हे आपणही जाणता आणि मीही जाणतो. बाप्येही काही मागे नाहीत. ते फक्त पेपर हातात धरून पाहतात. वारकऱ्याने मालिका पाहावी की पाहू नये, या वादात मला पडायचे नाही. सासवा-सुनांच्या मालिका करमणूक म्हणून पाहिल्या जातात आणि सहा महिन्यांत विसरल्या जातात. पण संतांच्या चरित्रावर मालिका निघते तेव्हा गोष्ट बदलते. तिथे आपला माणूस टीव्हीसमोर हात जोडून बसतो आणि जे दिसेल ते चरित्र म्हणून मनात साठवून ठेवतो. म्हणून तिची पारख आपणच केली पाहिजे.

उदाहरणाला 'तू माझा सांगाती' घेऊ. २०१४ साली सुरू झालेली ही मालिका एक हजाराहून अधिक भाग चालली. चिन्मय मांडलेकर यांनी त्यात तुकोबाराय उभे केले. गावोगावच्या वारकऱ्यांनी ती नेमाने पाहिली. हरिपाठ आटोपून पाहिली, काहींनी हरिपाठाची वेळ मागेपुढे करूनही पाहिली!

कथा तुकड्या-तुकड्यांनी ऐकण्याची सवय आपल्याला टीव्हीने लावलेली नाही, हे आधी ध्यानात घ्या. चातुर्मासात पोथी लागते ती रोज एक अध्यायच. महिपतीबाबा ताहराबादकरांचा 'भक्तिविजय' १७६२ सालचा, त्याचे अध्याय ५७. पुढे १७७४ मध्ये त्यांनी 'भक्तिलीलामृत' लिहिले, त्याचे अध्याय ५१. अध्याय संपताना महिपतीबाबा पुढच्या कथेची चाहूल देतात आणि श्रोत्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतात. तेव्हा 'पुढे काय झाले?' ही ओढ आपल्या घरचीच आहे. फरक इतकाच, की पोथी ऐकणाऱ्याला पुढे काय झाले ते ठाऊक असते. वह्या इंद्रायणीतून वर आल्या, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते, तरी दर वर्षी तो प्रसंग आला की मंडप स्तब्ध होतो. श्रोता तिथे माहितीसाठी बसलेला नसतो.

मालिकेने एक काम मात्र फार चांगले केले आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तिने जिजाईला वेळ दिला. आपल्या कीर्तनांत जिजाई बहुधा हशा पिकवण्यापुरती येते. ती भांडते, विठोबाला शिव्या घालते, श्रोते हसतात, टाळकरी हसतात आणि बुवा पुढच्या प्रमाणाकडे वळतात. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटात गौरी नावाच्या नटीने जी जिजाई केली, तिला आजही जाणकार मानतात, कारण तिच्या रागाखाली मायेचा झरा दिसतो. पण चित्रपट दोन-सव्वादोन तासांचा, आणि त्याचा केंद्रबिंदू विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा. मालिकेचा संसार मात्र मुळातच स्वयंपाकघरात असतो. चूल, कणगी, उसनवारी, आजारी पोर, दारातला सावकार, हे दाखवण्यात तिचा हातखंडा आहे. तुकोबारायांचे घर म्हणजे दुष्काळात मोडलेले घर. दिवाळे निघालेले, थोरली रखमाई अन्नावाचून गेलेली, संतू गेलेला, वडील बंधू सावजी घर सोडून निघून गेलेले. अशा घरात धाकटीने चूल कशी पेटवली असेल? पुरुष डोंगरावर बसलेला आणि भाकरी घेऊन डोंगर चढणारी ती. हे कीर्तनाच्या दोन तासांत एका वाक्यात उरकले जाते. मालिकेत ते रोज दिसते, आणि रोज दिसल्यामुळे कळते. जिजाई कजाग होती असे म्हणणाऱ्यांची तोंडे मालिकेने बरीच बंद केली. हा उपकार लहान नाही.

आता मंबाजीकडे येऊ.

ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली असेल, तरी क्रम नीट पाहा. देहूत मंबाजी गोसाव्याचा मठ, भोवती बाग, बागेला काट्यांचे कुंपण. तुकोबांच्या घरची म्हैस बागेत शिरली. मंबाजी संतापला. पुढे येण्याजाण्याच्या वाटेवरचे काटे भाविकांना टोचू नयेत म्हणून तुकोबा ते बाजूला करू लागले, तेव्हा मंबाजीने काट्यांच्याच फांद्यांनी त्यांना मारले. अंग रक्तबंबाळ झाले. तुकोबा काही बोलले नाहीत. त्याच रात्री कीर्तन होते. नेहमी येणारा मंबाजी आला नाही. तुकोबांच्या ते लक्षात आले. ते स्वतः त्याच्याकडे गेले, दंडवत घातला, त्याचे अंग दाबू लागले. मारताना आपले हात दुखले असतील, म्हैस आमचीच होती, राग सोडा आणि कीर्तनाला चला, अशी विनवणी केली आणि त्याला घेऊन आले.

या कथेचा प्राण कुठे आहे? मारात नाही. मार कोणीही देतो आणि पुष्कळजण खातात. प्राण आहे तो 'त्याच रात्री' यात. दिवसा झालेले वैर तुकोबांनी रात्रीच्या पुढे जाऊ दिले नाही. कीर्तन उभे राहण्याआधी ते मिटले पाहिजे, कारण श्रोत्यांत एक माणूस कमी आहे.

मालिकेला नेमके हेच परवडत नाही. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटांची कथा उरते, आणि ती आठवड्याला पाच-सहा वेळा भरावी लागते. एवढा हौद भरायचा तर वाहता झरा हवा, आणि टीव्हीवाल्यांना वैरासारखा न आटणारा झरा दुसरा सापडलेला नाही. म्हणून मंबाजी वर्षानुवर्षे डोळे वटारत राहतो. एक डाव फसला की दुसरा. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटतो, मागे ढोल वाजतो (तो ढोल कोणत्या तालात असतो, हे आमच्या पखवाजवाल्यांनाही सांगता येत नाही). तो एका रात्रीत विरघळला तर उद्या दाखवायचे काय?

आपल्या कथांत शत्रू शत्रू राहत नाही, माउली. रामेश्वरभट्टांनी वह्या बुडवायला लावल्या आणि तेच पुढे तुकोबांचे झाले. चांगदेव वाघावर बसून आले आणि मुक्ताईचे शिष्य झाले. मालिकेची कारागिरी उलट्या अंगाने चालते. तिला दुष्ट माणूस दुष्टच हवा. परिणाम कुठे दिसतो, तर पाहणाऱ्याच्या बोलण्यात. 'मंबाजीला शिक्षा कधी होणार?' ही वाट भाविक माणूस पाहू लागतो. तुकोबांनी जी शिक्षा कधी इच्छिली नाही, तिची वाट तुकोबांचा भक्त रोज रात्री पाहतो. बांधावरून भावाशी दहा वर्षे न बोलणाऱ्याला हे चरित्र पाहून घरी जावेसे वाटले पाहिजे. शिक्षेची वाट पाहायला शिकला तर तो बांधावरच बसून राहील.

दुसरी काळजी कीर्तनाची. अलीकडे काही तरुण बुवा मालिकेतले प्रसंग चरित्र म्हणून सांगतात, संवादासकट. आपल्या फडावर बोललेल्या शब्दाला ज्ञानेश्वरीचे, गाथ्याचे, नाथांच्या भागवताचे प्रमाण लागते. श्रोत्याने कीर्तन झाल्यावर नम्रपणे विचारावे, 'बुवा, हे कुठे आले?' यात अपमान नाही. महिपतीबाबांनी तुकोबांचे चरित्र भक्तिलीलामृतात २५ ते ४० अशा सोळा अध्यायांत सांगितले आहे. मालिका जरूर पाहा, पण ते सोळा अध्याय शेजारी असू द्या. कुठे पाणी घातले आहे ते आपोआप कळेल.

आणि भाग हवेतच म्हणाल, तर ते चरित्रातच आहेत. १६५० मध्ये तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. नारायणबाबांचा जन्म त्यानंतरचा. पदरी पोरे, घरात नाही दाणा आणि गावभर नवऱ्याची कीर्ती, अशा स्थितीत त्या बाईने दिवस काढले. पोटातल्या त्या मुलानेच मोठेपणी, १६८५ साली, बापाच्या पादुका पालखीत ठेवून आळंदीमार्गे पंढरीला नेल्या. आज आपण त्याच पालखीमागे चालतो. मधल्या पस्तीस वर्षांत त्या घरात काय काय घडले असेल, याच्या हजार भागांत मला एकदाही मंबाजीची गरज दिसत नाही.