नगर गॅझेटियर : वाट आणि पट्टी

जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची माहिती एकत्र करणारा हा ग्रंथ संशोधकांस आजही टाळतां येत नाहीं. तथापि एका प्रश्नावर तो आम्हांस निराश करतो. वाट ज्यांच्या उपयोगी पडली, तिची पट्टीही त्यांनींच भरली काय?

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें २०१६ सालीं ट्राम सुरू झाली. तिच्यासाठीं मार्गालगतचा भाग आंखून तेवढ्यांतच विक्रीवर शेंकडा १ जादा कर व मालमत्तेवर खास आकारणी बसविण्यांत आली. मुंबईंत २०२२ पासून मेट्रोसाठीं घरजमिनींच्या व्यवहारांवर शेंकडा १ अधिभार घेतला जाऊं लागला. तो मात्र मार्गालगतच्या लोकांपुरता नसून सबंध शहरावर आहे. लाभ ज्याचा भार त्याचा, हें तत्त्व एका ठिकाणीं पाळलें गेलें, दुसऱ्या ठिकाणीं सैल झालें.

एकोणिसाव्या शतकांतही असे भेद होते. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत धांवलेली घोड्यांची ट्राम खासगी कंपनीची. तिची वसुली उतारूंच्या भाड्यांतून. नगरवरून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. तो सरकारी पैशानें व १८७६–७७ च्या दुष्काळांतील मजुरांच्या श्रमानें झाला. तंजावरच्या जिल्हा बोर्डानें मात्र जमिनीवर खास पट्टी बसवून रेल्वे बांधविली. ती १८९४ सालीं सुरू झाली.

नगरच्या शेतकऱ्यावरही पट्टी होतीच. साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड. त्यांतील दोन तृतीयांश रस्त्यांस व एक तृतीयांश शाळांस. गॅझेटियर हें सांगतें. परंतु पट्टी महसुलाच्या प्रकरणांत आणि रस्ते व्यापाराच्या प्रकरणांत पडले आहेत. शिवाय फंडाचा जमाखर्च सबंध जिल्ह्याचा एकच दिला आहे. अकोल्याच्या डोंगरांतून वसूल झालेला आणा अकोल्याच्या वाटेवर लागला, कीं नगरजवळच्या सडकेवर, हें त्यावरून ठरवितां येत नाहीं. एकत्र बेरीज देणारा हिशेब खोटा नसतो. पण अन्याय झाला असल्यास तो झांकतो.

संपादकांस आम्ही दोष देत नाहीं. राज्यकारभारास जिल्हा हें एक परिमाण पुरेसें होतें. इतिहासास तें पुरत नाहीं. सुदैवानें १८८४ च्याच कायद्यानें तालुका बोर्डें निर्माण झालीं. पुढील काळाचा तालुकावार हिशेब शोधावयाचा तर त्यांच्या वह्यांत, आणि कुळकर्णी-दप्तरांतील वसुलीच्या पावत्यांत शोधावा लागेल.

येथें आमची संग्राहकांस विनंती आहे. सनद दिसतांच ती आपण जपतों, आणि लोकल फंडाची पावती रद्दींत जाऊं देतों. सनद एका घराण्याचा हक्क सांगते. ती पावती गांवानें रस्त्यासाठीं काय दिलें तें सांगते. गॅझेटियरमधील उणीव भरून काढावयाची तर रुमाल सोडतांना हीं कागदांचीं चिटोरींही वेगळीं काढून ठेवावीं.