लोणारचे वर्तुळ आणि दोन पुस्तके

लोणारचे विवर जवळजवळ वर्तुळाकार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली काठावर येतात, उल्काघाताची गोष्ट ऐकतात. केंद्र पाण्यात असताना काठावरूनच त्रिज्या कशी काढाल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

'बालभारती'ने २०१७ साली नववीचे गणित दोन पुस्तकांत दिले : भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. तासिकांना ही वाटणी सोयीची, मुलांना नव्हे. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो हे भाग २ नीट शिकवतो. पण त्याची खरी गंमत भाग १ हाती घेतल्यावरच कळते. फुटक्या बशीचा तुकडा घ्या. जीवा १२ सेंमी, तिच्या मध्यापासून कंसापर्यंत उंची ४ सेंमी. त्रिज्या 'र' मानली, तर पायथागोरसनुसार र² = ६² + (र − ४)². विस्तार करा, दोन्हीकडचे र² चक्क नाहीसे होतात! उरते ८र = ५२, म्हणून र = ६.५ सेंमी. पानोपानी रंगीत चौकटी टाकून ही मजा येत नाही.

लोणारच्या काठावर दोरी धरणे अवघडच. नकाशावर पट्टी ठेवा. दर ठिकाणी त्रिज्या थोडी वेगळी येईल. 'जवळजवळ' म्हणजे किती, ते मुलांनाच ठरवू द्या.