स्वनाम आणि स्वस्थान : जावा वेब ॲप्लिकेशनच्या पत्त्याचा प्रश्न

जावा भाषेत लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनला, ते सुरू होत असतानाच, स्वतःचा संपूर्ण पत्ता कळू शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी विशेषनाम आणि दर्शक शब्द यांतील भेदाचा प्रश्न आहे. आणि सर्व्हलेट-विनिर्देशासारख्या प्रमाणग्रंथाने हा भेद जितका स्पष्ट करावयास हवा होता तितका केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला एक प्रत्यक्ष निमित्त घडले. बोलीतील शब्दांच्या संग्रहासाठी केलेल्या एका ॲप्लिकेशनमधून निवेदकांना ई-पत्रे जात. आपण सांगितलेला शब्द व त्याचा नोंदविलेला अर्थ त्यांनी पत्रातील दुव्यावर जाऊन तपासावा, अशी योजना होती. दुवे तयार करणारा भाग ॲप्लिकेशन सुरू होतानाच पत्ता ठरवून ठेवी, आणि त्याने ठरविलेला पत्ता ‘लोकलहोस्ट’ हा होता. उत्तरे आली नाहीत. निवेदकांना कामात रस उरलेला नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. दोष त्यांचा नव्हता, हे पुढे कळले.

‘लोकलहोस्ट’ हा शब्द विशेषनामासारखा दिसतो, पण त्याचे कार्य ‘येथे’ या शब्दाचे आहे. ज्यांचा निर्देश बोलणारा, स्थळ आणि काळ यांवाचून ठरत नाही अशा शब्दांचे विवेचन कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली आणि रोमान याकोब्सन यांनी १९५७ साली केले. त्याच वर्गात हा शब्द बसतो. ज्या यंत्रावर तो उच्चारला जातो त्याच यंत्राचा तो निर्देश करतो : सर्व्हरवर सर्व्हरचा, निवेदकाच्या घरी निवेदकाच्या यंत्राचा. पत्राच्या माथ्यावर गाव न लिहिता आत ‘येथे या’ असे लिहावे, तसाच हा प्रकार होय.

आता विनिर्देश काय देतो ते पाहू. ॲप्लिकेशन सुरू होताना ‘सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर’ला सूचना मिळते. त्या वेळी हाती ‘सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट’ असतो, विनंती नसते. २.५ या आवृत्तीपासून त्या संदर्भाला ‘गेटकॉन्टेक्स्टपाथ’ ही पृच्छा करता येते व पत्त्याचा मार्गरूप अंश मिळतो. पण तोही प्रधान किंवा पसंतीचा मार्ग समजावा, प्रत्यक्ष विनंतीतील मार्ग त्याहून भिन्न असू शकेल, असे विनिर्देश बजावतो. प्रोटोकॉल, यजमाननाम आणि पोर्ट हे उरलेले अंश केवळ विनंतीच्या वस्तूपाशी आहेत. हे मौन योग्यच आहे. एचटीटीपी १.१ ने १९९७ साली प्रत्येक विनंतीत ‘होस्ट’ हे शीर्ष अनिवार्य केले, ते एकाच यंत्राला अनेक नावे असू शकतात म्हणूनच. शिवाय ॲप्लिकेशनच्या पुढे दुसरा सर्व्हर प्रतिनिधी म्हणून उभा असेल, तर जगाला दिसणारे नाव व पोर्ट ॲप्लिकेशनपर्यंत आपोआप पोहोचतीलच असे नाही. ही माहिती कळविण्यासाठी २०१४ साली ‘फॉरवर्डेड’ हे शीर्ष प्रमाणित करावे लागले.

आक्षेप आहे तो मौनाविषयी नव्हे, नामकरणाविषयी. २०१३ च्या ३.१ या आवृत्तीत ‘गेटव्हर्च्युअलसर्व्हरनेम’ ही पृच्छा आली. पत्ता शोधणाऱ्यास येथे यजमाननाम मिळेल असेच वाटावे. प्रत्यक्षात हे मूल्य जालावरील पत्ता किंवा यजमाननाम असण्याची अपेक्षा नाही, असे तिच्या विवरणातच म्हटले आहे; आणि नेहमीच्या मांडणीतील टॉमकॅट उत्तर देतो ते ‘कॅटलिना/लोकलहोस्ट’ असे. ज्या संज्ञेचा स्वाभाविक अर्थ निषेधवाक्याने पुसावा लागतो, ती संज्ञा सदोष मानली पाहिजे.

या पोकळीत दोन तोडगे रूढ झाले आहेत. पहिला, सर्व्हरच्या व्यवस्थापन-नोंदींतून पोर्ट शोधण्याचा. त्याने यंत्र कोठे कान देऊन बसले आहे ते कळते, लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते कळत नाही. दुसरा, पहिल्या विनंतीतील पत्ता टिपून ठेवण्याचा. हा अनुभवनिष्ठ वाटतो, पण ‘होस्ट’ शीर्षातील नाव हे विचारणाऱ्याचे विधान आहे. ते त्याने मुद्दाम खोटे लिहिले आणि परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा त्यावरून तयार झाला, तर त्या दुव्यातील गुप्त खूण परक्याच्या हाती पडते. संबोधनाला स्वनाम समजण्याची चूक येथे महाग पडते.

सारांश, पत्ता शोधावयाचा नसतो, द्यावयाचा असतो. बाळाने पाळण्यात आपले नाव शोधावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ते बारशाला जमलेले लोक ठेवतात. त्याचप्रमाणे ॲप्लिकेशनची स्थापना करणाऱ्याने त्याचा सार्वजनिक पत्ता मांडणीत स्पष्ट लिहून द्यावा, आणि तो नसेल तर ॲप्लिकेशनने अंदाज न करता सुरू होण्यासच नकार द्यावा. आमच्या संग्रहात आता तशी सोय केली आहे. परंतु ज्या वृद्ध निवेदकांनी तो दुवा उघडून पाहिला आणि आपल्यालाच हे यंत्र वापरता येत नाही असे समजून तो मिटला, त्यांचे शब्द विनिर्देशातील कोणत्याही दुरुस्तीने परत मिळणार नाहीत.