खोट्या चिठ्ठ्या

दोन वार्ताहर, एक बाई, एक पुरुष. पेपर वेगळे, बातमी एकच, आणि मनं जुळलेली. अशा गोष्टीत प्रेमापेक्षा भांडणाचीच गोडी जास्त असते. मायकेल कर्टिझ यांचा ‘फ्रंट पेज वुमन’ हा १९३५ सालचा अमेरिकन चित्रपट मी त्या गोडीपायीच बघायला घेतला. दुपारची कामं उरकून बसले होते, म्हटलं हसायला मिळेल. हसले, नाही असं नाही. पण रात्री पडल्यावर राग आला.

एलन गारफिल्ड (बेटी डेव्हिस) आणि कर्ट डेव्हलिन (जॉर्ज ब्रेंट) एकमेकांच्या विरोधातल्या पेपरांत काम करतात. कर्टला लग्न हवंय. एलनलाही तो आवडतो, पण तिची अट आहे: मी कुठल्याही पुरुषाइतकी चांगली वार्ताहर आहे हे आधी तोंडानं कबूल कर. दागिने नकोत, बंगला नको, एवढं एक वाक्य हवंय. आणि कर्टला तेवढंच जड जातं.

सुरुवातीलाच एका बाईला मृत्युदंड होतो. ती बातमी आणायला गेलेली एलन चक्कर येऊन पडते. बायकांना हे काम झेपत नाही, हे दाखवायला हा प्रसंग घातलाय. मला तो उलटाच वाटला. डोळ्यांदेखत माणूस मारलेला बघून ज्यांना काहीच झालं नाही, त्यांच्याबद्दल कोणी का विचारत नाही? पुढे कर्ट उपकार म्हणून तिची बातमी स्वतःच देतो, आणि देतो ती स्वतःच्याच बातमीची नक्कल. दोन्ही पेपरांत तेच शब्द! बोलणी खाते एलन.

इथं मला आमच्या महिला मंडळातला एक प्रसंग आठवला. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा एक ताई कौतुकानं म्हणाल्या, “छान झालाय हं. साहेबांनी लिहून दिला का?” आमचे हे शेजारीच उभे. ते नुसते हसले. “नाही हो, हिनंच लिहिलाय” एवढं म्हणायला काय झालं होतं, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

असो. चित्रपटाचा गाभा आहे खुनाच्या खटल्यात. ज्युरीचा निकाल आधी कुणाच्या पेपरात येतो याची चढाओढ लागते. कर्ट मतांच्या खोट्या चिठ्ठ्या एलनच्या हाती लागतील अशा ठेवतो. ती फसते, तिचा पेपर चुकीचा निकाल छापतो, तिची नोकरी जाते. चित्रपटाच्या लेखी ही गंमत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. पाठशाळेत घोकताना मला वाटायचं, हे सावकारांसाठी असणार, खोटे दस्तऐवज वगैरे. जिच्याशी लग्न करायचं तिलाच खोटी चिठ्ठी देणारा माणूस तेव्हा डोळ्यांपुढे आला नव्हता.

एलन मात्र रडत बसत नाही. खऱ्या गुन्हेगार बाईकडून कबुली काढते आणि कर्टच्या आधी बातमी मिळवते. मग तो हरल्यासारखा ते वाक्य म्हणतो आणि ही लग्नाला तयार! बेटी डेव्हिसचे ते मोठे डोळे इतके हुशार आहेत, की एलन एवढ्यावर भागवते हे मला पटेना. खोट्या चिठ्ठ्यांची माफी कुठाय?

पाच वर्षांनी, १९४० साली, हॉवर्ड हॉक्स यांचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ आला. १९२८ च्या ‘द फ्रंट पेज’ या नाटकात हिल्डी जॉन्सन पुरुष होता, हॉक्सनी त्याची बाई केली आणि संपादकाची घटस्फोटित बायकोही. चित्रपट म्हणून हा कितीतरी सरस. रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँट इतकं भराभर बोलतात, की एक वाक्य कळेपर्यंत तीन निसटतात. आणि इथं हिल्डीला कुणाच्या कबुलीची गरज नाही. ती उत्तम वार्ताहर आहे हे वॉल्टर पहिल्यापासून मानतो, म्हणून तर तिला सोडत नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, त्या विमावाल्या ब्रूसला, पुन्हा पुन्हा तुरुंगात धाडतो. म्हणजे किंमत ओळखणारा भेटला तरी फसवणूक सुटत नाहीच.

याच चित्रपटात मॉली नावाची बाई आहे. फाशीच्या कैद्याला तिनं माया लावलेली. सगळे वार्ताहर तिला घेरून प्रश्नांनी इतकं भंडावतात, की ती खिडकीतून उडी टाकते. क्षणभर शांतता. थोड्याच वेळात हिल्डी टाइपरायटरवर वाकलेली, ब्रूस शेजारी बोलतोय तेही तिला ऐकू येत नाही. तिची ती तंद्री बघताना मलाच हेवा वाटला आणि लगेच मॉली आठवून अंगावर काटा आला. दिग्दर्शकाला मॉली पुन्हा आठवत नाही.

शेवटी वॉल्टर आणि हिल्डी पुन्हा लग्न करायला निघतात. मधुचंद्राच्या वाटेवर ऑल्बनीत संप असल्याचं कळतं, तिथली बातमी करायचं ठरतं. तो पुढे चालत सुटतो. जड बॅग सावरत ती मागून.