कृतज्ञता आणि जखम : दोन चित्रपटांच्या निमित्ताने

खासबागेहून निपाणीमार्गे कोल्हापुरास जाणे-येणे आपल्यापैकी अनेकांना नित्याचे आहे. परंतु कोल्हापूरला लागून असलेल्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रहिवाशांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. वसाहतीचे स्वतःचे चर्च होते, शाळा होत्या, इस्पितळ होते, नाटकेही होत. ती उठल्यानंतर फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच जागेत आसरा मिळाला आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांच्या कबरी अजून आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यास स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा या इतिहासाची वृत्तपत्रांनी थोडीफार दखल घेतली.

ही मुले येथवर कशी आली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड व्यापला. पूर्व भागातील लक्षावधी लोकांना १९४० व १९४१ मध्ये गुरांच्या डब्यांतून सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. जुलै १९४१ मधील करारानंतर त्यांची सुटका झाली. पण दक्षिणेकडच्या वाटेवर भूक आणि विषमज्वर यांनी असंख्य आईबाप हिरावून नेले. जी मुले इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली, त्यांपैकी अनेक पोरकी होती. काही नवानगर संस्थानातील बालाचडी येथे, तर पुढे पुष्कळशी वळिवडे येथे राहिली.

या मुलांवर अनु राधा यांनी २०१३ मध्ये ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट केला. दोन्ही देशांतील संस्थांच्या सहकार्याने तो निर्माण झाला. त्याचा मुख्य भर बालाचडीवर आणि तेथे मुलांना आश्रय देणाऱ्या जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या औदार्यावर आहे. वार्धक्यास पोहोचलेली ती ‘मुले’ आपले बालपण आठवतात, हा त्याचा गाभा. विस्मृतीत जाऊ पाहणारे एक सत्कृत्य त्याने वेळेवर टिपून ठेवले, हे त्याचे निःसंशय मोठे श्रेय आहे. साक्षीदार हयात असताना त्यांना बोलते करणे हे काम पुढे ढकलता येत नाही.

तरीही चित्रपट संपल्यावर मनात एक प्रश्न राहतो. त्याचा सूर प्रारंभापासून कृतज्ञतेचा आहे. सैबेरिया येतो, भूक येते, मृत्यू येतो. परंतु कथेचा ओघ त्या काळोखातून आश्रयाच्या उजेडाकडे जातो आणि तेथे स्थिरावतो. जामसाहेबांनी मुलांना, तुम्ही आता पोरकी नाहीत, मी तुमचा बापू आहे, अशा आशयाचे स्वागत केल्याची आठवण सर्वत्र सांगितली जाते. ते उद्गार प्रेमाचे होते आणि त्यांनी ते आचरणात आणले, यात शंका नाही. पण पोरकेपण घोषणेने संपते काय? ज्या मुलाने वाटेत आईला पुरले, त्याच्या पुढील सत्तर वर्षांचे काय? १९४८ नंतर परतायला घर उरले नव्हते, कारण त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. जे साम्यवादी पोलंडमध्ये परतले, त्यांना सैबेरियाविषयी उघडपणे बोलण्याची कित्येक दशके सोय नव्हती. इतर इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विखुरले. चित्रपटातील हसऱ्या वृद्ध चेहऱ्यांमागे एवढे सारे आहे. मात्र कॅमेरा त्याच्याजवळ फार काळ थांबत नाही.

त्याचे एक कारण चित्रपटाच्या घडणीतच आहे, असे मला वाटते. येथे विचारणारी व्यक्ती यजमान देशाची आहे आणि उत्तर देणारा माणूस त्या देशाचा एके काळचा पाहुणा. पाहुणा यजमानापुढे आपली जखम उघडी करीत नाही. तो आभार मानतो. हे आभार खोटे नसतात, पण ते संपूर्ण सत्यही नसतात. उपकार सांगताना दुःख आवरते घेणे ही सभ्यता आहे. चित्रपटाने मात्र त्या सभ्यतेपलीकडे पाहावयास हवे होते.

ते पाहणे कसे असते, हे समजण्यासाठी दुसरा एक चित्रपट शेजारी ठेवावासा वाटतो. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९८७ मध्ये ‘ओ रव्वार लेझांफां’, म्हणजे ‘मुलांनो, पुन्हा भेटू’, हा चित्रपट केला आणि त्याच वर्षी त्यास व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा मान मिळाला. जर्मन व्याप्तीतील फ्रान्स, जानेवारी १९४४, कार्मेल संघाच्या धर्मगुरूंची निवासी शाळा. शाळेचे प्रमुख फादर जाँ यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी आश्रय दिला आहे. त्यांतील जाँ बोने याच्याशी झ्युलियँ या सधन घरातील मुलाची आधी चढाओढ आणि मग मैत्री होते. एका सकाळी गेस्टापो शाळेत येते.

कथा काल्पनिक नाही. फाँतेनब्लोजवळील आव्हाँ येथील शाळेत माल स्वतः अकरा वर्षांचा विद्यार्थी होता. १५ जानेवारी १९४४ रोजी तेथून तीन ज्यू विद्यार्थी आणि प्रमुख फादर जाक यांना नेण्यात आले. मुले ऑशविट्झ येथे मारली गेली. फादर जाक माउटहाउझेनच्या छावणीतून जिवंत बाहेर पडले, पण इतके खंगले होते की २ जून १९४५ रोजी लिंझ येथे त्यांचे निधन झाले. वास्तविक हाच आपला पहिला चित्रपट व्हावयाचा होता, परंतु आपण थांबणे पसंत केले, असे मालने सांगितले आहे. त्याचे थांबणे त्रेचाळीस वर्षांचे झाले.

चित्रपटाचा कणा एका क्षणात आहे. वर्गात गेस्टापोचा अधिकारी ज्यू मुलगा कोणता असे विचारतो. सारे गप्प असतात. अधिकाऱ्याची पाठ वळताच झ्युलियँ क्षणभर बोनेकडे पाहतो. अधिकारी वळतो, त्याला ती नजर दिसते, आणि तो सरळ बोनेपाशी जाऊन उभा राहतो. त्या पाहण्यात द्वेष नाही, लोभ नाही, भ्याडपणाही नाही. काळजीने मित्राकडे वळलेली ती नजर आहे. नीतिशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर ते पाप ठरणार नाही. पुढे सामान बांधताना बोने स्वतः त्याला सांगतो की खंत करू नकोस, त्यांनी मला कसेही पकडलेच असते. म्हणजे ज्याचा घात झाला त्यानेच तात्काळ क्षमा केली आहे. तथापि अखेरीस पडद्यामागून दिग्दर्शकाचा स्वतःचा, प्रौढ आवाज येतो आणि सांगतो की चाळीसहून अधिक वर्षे लोटली, पण त्या सकाळचा क्षणन्‌क्षण मरेपर्यंत आपल्या स्मरणात राहील. क्षमा मिळाली, ओझे उतरले नाही.

हे सारे माल हुंदक्यांशिवाय आणि तारवाद्यांच्या कोलाहलाशिवाय सांगतो. शाळेतील थंडी, अपुरे जेवण, दंगामस्ती, चॅप्लिनचा मूकपट पाहताना एकत्र हसणारे धर्मगुरू, मुले व नोकर, असे साधे दिवस तो दाखवीत राहतो. त्यामुळे अखेरचा आघात प्रेक्षकावर तसाच कोसळतो जसा मुलांवर कोसळला असेल, म्हणजे तयारी नसताना. फादर जाँ यांनाही त्याने संताची प्रतिमा केलेले नाही. काळ्या बाजाराच्या प्रकरणात स्वयंपाकघरातील लंगडा पोऱ्या जोसेफ कामावरून काढला जातो आणि त्याच्याशी देवघेव करणारी सधन मुले शाळेत राहतात. हा अन्याय आहे हे फादर जाणतात, तरी तो करतात. पुढे जोसेफच फितुरी करतो. ज्या शाळेने परक्यांना जिवावर उदार होऊन आश्रय दिला, तिला आपल्याच दारातला गरीब दिसला नाही. आपल्या संस्था चालविणाऱ्यांनी हा भाग दोनदा पाहावा.

आणखी एक प्रसंग धर्मगुरूंस विशेष विचार करावयास लावील. पालकदिनाच्या मिस्सेत बोने इतरांबरोबर ख्रिस्तशरीर घेण्यास येऊन गुडघे टेकतो. फादर जाँ त्याला ओळखून क्षणभर थबकतात आणि त्याला वगळून पुढे जातात. संस्काराच्या दृष्टीने त्यांचे योग्यच आहे. शिवाय आश्रयाचा मोबदला म्हणून मुलाचा धर्म घ्यावयाचा नाही, हे सचोटीचे लक्षणही त्यात आहे. हाच मुलगा रात्री मेणबत्त्या लावून आपल्या वाडवडिलांची प्रार्थना करतो, हे आपण आधी पाहिलेले असते. परंतु त्या घडीला बोनेला केवळ इतरांसारखे व्हावयाचे होते. योग्य कृतीही मुलाच्या अंतःकरणात वेगळेपणाचा काटा ठेवून जाऊ शकते. माल येथे धर्मगुरूंचा निषेध करीत नाही वा समर्थनही करीत नाही. तो फक्त दोन्ही चेहरे दाखवितो.

या दोन चित्रपटांची सरळ तुलना अन्यायाची होईल, हे मान्य केले पाहिजे. एक माहितीपट आहे, दुसरा कथापट. एकात वाचलेली मुले स्वतःच्या मुखाने बोलतात, दुसऱ्यात एक साक्षीदार स्वतःची आठवण कथेत घडवितो. तथापि दोहोंचा विषय एकच आहे : परक्या सत्तेखाली गेलेले बालपण आणि त्यानंतरचे संपूर्ण आयुष्य. आणि येथे माल जे जाणतो ते पहिला चित्रपट पुरेसे जाणत नाही. मूल वाचविणे आणि मूल बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात घडू शकते. दुसरीला कधी कधी आयुष्य पुरत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण वर्षानुवर्षे शिकवितो. भावांनी विकलेला मुलगा मिसरात मोठ्या पदास चढतो आणि आपले कष्ट व पित्याचे घर देवाने विसरावयास लावले म्हणून थोरल्या पुत्राचे नाव मनश्शे ठेवतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण बहुधा येथून उडी मारून देवाने वाइटातून चांगले केले या निष्कर्षावर येतो. मधली पाने मात्र सांगतात की भाऊ समोर येताच योसेफ पुन्हा पुन्हा बाजूला जाऊन रडला. विस्मरणाचे नाव घरात वावरत होते. जखम तरीही जागी होती. पवित्र शास्त्राने ते अश्रू वगळले नाहीत. आपण वगळतो.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांपासून दूर नाही. नाताळात देणगीदार आले की आपल्या वसतिगृहातील मुले ओळीने उभी राहून आभाराचे गीत म्हणतात. त्यांत आई गमावलेले मूल असते, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातले असते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, पंचगंगा, वेदगंगेच्या काठची कित्येक घरे पाण्याखाली गेली, तेव्हा वह्यापुस्तके देतानाची छायाचित्रे आपणही काढली. देणे आवश्यकच होते. पण मुलाचे आभार ऐकून आपण त्याचे दुःख ऐकले असे समजलो, तर चूक होईल. तसेच पापनिवेदनाच्या आसनावर एखादी वृद्धा दरवर्षी उपवासकाळात बालपणीची तीच एक गोष्ट सांगते, जी मुळात पापच नव्हते. त्या वेळी ते पाप नव्हे असे सांगून तिला लवकर उठविणे शास्त्रशुद्ध असेल. पण बोनेनेही झ्युलियँला तेच सांगितले होते आणि ते पुरले नाही. अशा माणसाला निर्णयापेक्षा न घाई करता ऐकणारा हवा असतो.

प्रशिक्षण केंद्रांतून हे दोन्ही चित्रपट दाखविले जावेत, अशी शिफारस करतो. क्रम मात्र उलटा ठेवावा. मालचा चित्रपट आधी पाहावा आणि बालाचडीच्या वृद्धांकडे नंतर वळावे. म्हणजे त्यांच्या आभारांचे मोल कमी न होता उलट वाढेल, कारण कोणत्या ओझ्याखालून ते बोलत आहेत, हे पाहणाऱ्यास कळेल. नंतर जमल्यास विद्यार्थ्यांना कोल्हापूरच्या दफनभूमीत न्यावे. आश्रय मिळालेल्यांपैकी काही जण तेथे आहेत. त्यांचे आभार कोणी चित्रित केले नाहीत, आणि त्यांचे दुःखही नाही.