बनगरवाडीतील तालीम : वाया गेलेले श्रम?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. तिच्यातील माणदेशाविषयी आणि अल्पाक्षरी भाषेविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र या कादंबरीत पुन:पुन्हा थांबावेसे वाटते ते एकाच ठिकाणी, तालमीपाशी.

गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. मुले मेंढरांमागे गेलेली, शाळा रिकामी. कारभाऱ्याच्या आधाराने तो शाळा सुरू करतो, आणि पुढे सगळी वाडी राबवून तालीम बांधून घेतो. मग दुष्काळ पडतो. माणसे मेंढरे घेऊन परागंदा होतात. शेवटी मास्तरही निघतो. तालीम मागे उरते, तिच्यात घुमायला कोणी उरत नाही.

हिशेबाने पाहिले तर हे सारे श्रम फुकट गेले. काही वाचक त्यामुळेच या कादंबरीला निराशेची कादंबरी म्हणतात. मला ते पटत नाही. माडगूळकरांनी तालमीच्या बांधणीला जी जागा दिली आहे, ती तिच्या उपयोगाला दिलेली नाही. एरवी आपापल्या मेंढरांपुरती जगणारी माणसे तेवढे दिवस एका कामाला लागली, हे घडले. पुढच्या दुष्काळाला ते पुसता येत नाही. पाऊस मास्तराच्या हाती नव्हता, भिंत होती. तेवढ्यापुरता तो चोख वागला.

पण म्हणून ही कष्टाची आरतीही नव्हे. याच कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जोडीला आपला खांदा जुवाखाली देते. तिचे श्रम मास्तरापेक्षा कितीतरी जड, आणि पीक येईल याची हमी तिलाही नाही. फरक एवढाच, की तालीम बांधणे ही निवड होती आणि जू ओढणे ही लाचारी. पुरुषांसाठी तालीम उभी राहते. त्या बाईसाठी वाडी काहीच उभारत नाही. लेखक हे दाखवतो, पण त्याचा निवेदक त्यावर फारसा थांबत नाही. ही मला या थोर कादंबरीतील उणीव वाटते. ‘फळाची आशा नको’ हे वाक्य ज्याला न राबण्याची मुभा आहे त्यानेच स्वत:ला सांगावे, दुसऱ्याला नव्हे.

औंध संस्थानचा गुणदाळकडील तुकडा थेट विजापूरच्या मुलखात होता, म्हणून ही वाडी आपल्याला परकी नाही. आज सीमाभागात कोणी मराठी वाचनालय चालवतो, कोणी व्याख्यानमाला भरवतो, कोणी असा अंक काढतो. घरची मुले मात्र कानडी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वीस वर्षांनी हे कपाट कोण उघडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. अशा माणसाने ‘बनगरवाडी’ वाचावी. ती त्याला यशाचे आश्वासन देणार नाही. उद्या वाडी उठली तरी आजची भिंत ओळंब्यात असावी, एवढेच ती सांगते. आणि त्या भिंतीसाठी कोणाचा खांदा झिजतो आहे तेही पाहायला लावते.